न घेतलेला तिसरा भाग

सर कीबोर्डवर पंचा टाकायचे. आपले दोन्ही हात पंच्याच्या खाली घालायचे आणि समोरच्या उताऱ्याकडं बघून टायपायचं. हात दिसले नाही पाहिजेत. "बघू नको, बोटाला ठावं हाय," म्हणायचे. उताऱ्यावरसुद्धा कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं जाड कार्ड ठेवलेलं असायचं. टायपायची ती ओळ तेवढी उघडी, खालच्या सगळ्या झाकलेल्या. ओळ संपली की कार्ड खाली सरकवायचं. कुणी कार्ड उचलून पुढं काय आहे बघितलं तर सर रागवत नसत. शांतपणे दुसरा उतारा समोर ठेवायचे आणि म्हणायचे, "चल, पहिल्यापासून. नजर पुढं पळाली की बोट अक्षर खातं."

धारूरच्या बाजारपेठेत, भांड्याच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची टायपिंगची संस्था होती. आता ती बंद झाली. सर आणि काकू लेकीकडं नाशिकला राहतात, मी बीडला सरकारी नोकरीत आहे. ही नोकरी मला त्या पंच्याखालच्या बोटांनी मिळवून दिली. मी माझ्या घरातली पहिली पदवीधर. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. वडील गवंडी. त्यांनी लोकांच्या घरांना देवळ्या बांधल्या, ओटे बांधले, कपाटं बांधली. पुस्तकं ठेवायला फळी बांधायची वेळ मात्र आमच्या घरात माझ्यामुळं पहिल्यांदा आली.

सर दिसायला अगदी साधे. पूर्ण बाहीचा पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ, पण तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, वरच्या नाही. वेळ बघायची म्हणजे ते भीक मागितल्यासारखा हात उलटा करायचे. बोलताना समोरच्याला पूर्णविराम द्यायला लावायचे. मी एकदा दारातून घाईनं सांगितलं, की सर मी उद्या येणार नाही कारण मामाकडं कार्यक्रम आहे आणि. "आणि काय?" म्हणाले. काहीच नव्हतं. "मग 'आणि' कावून म्हणालीस? वाक्य बंद कर आन जा."

मी क्लास लावून दोन-तीन महिने झाले असतील. एका शनिवारी मशीनवर कापड टाकताना ते म्हणाले, "पोरी, रविवारी दुपारी घरी ये. काकू असती." मला वाटलं स्पीडचा जादा तास असेल. गेले तर जमिनीवर सतरंजी, काकू परातीत तूर निवडत बसलेल्या आणि शेजारी मोबाईल दुरुस्तीवाला इरफान. त्याचं दुकान संस्थेच्या जिन्याखाली होतं. सर भिंतीला टेकून, मांडीवर तारेनं बांधलेलं जाड पुस्तक घेऊन बसले होते. मला बसू दिलं आणि सरळ विचारलं, "तुज्यासमोर दार हाय. लाकडाचं, जुनं, बंद. काय करतीस?"

मी म्हणाले, "बिजागरी कोणत्या बाजूला हाय?"

गवंड्याची लेक दुसरं काय विचारणार? सर पुस्तकात बघायला लागले. पान उलटलं, परत उलटलं. मग पेन काढून समासात काहीतरी लिहिलं. "डाव्या," म्हणाले. "पुस्तकात न्हाई. आता झाली."

तो खेळ असा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सांगणारा. त्याच्याजवळ पुस्तक असतं, त्यात कुठला मुलूख, कुठला किल्ला, कुठल्या खोलीत काय दडलंय ते लिहिलेलं असतं. बाकीच्यांचं एकेक पात्र. सांगणारा प्रसंग सांगतो, आपण आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि ते जमलं का फसलं हे फाशावर ठरतं. तरुणपणी सर पुण्यात नोकरीला होते तेव्हा खोलीतल्या एका सोबत्याकडून ते हे शिकले. वडील गेले, संस्था सांभाळायला धारूरला परतले आणि खेळ सुटला. पुढं कितीतरी वर्षांनी त्यांना समजलं, की ती जुनी पुस्तकं परदेशातली कंपनी इंटरनेटवर फाईलच्या रूपात विकते. नवी आवृत्ती निघाली होती, पण जुनीही मिळायची. कागदावर कधीच छापणं बंद झालेलं पुस्तक धारूरला बसून विकत घेता येतं, याचं त्यांना अपार कौतुक. फाईल आली की ते तिची छापील प्रत काढायचे. विकत घेतलेल्या फाईलच्या प्रत्येक पानाच्या तळाशी घेणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात यायचं. ते मला बोट लावून दाखवायचे. "बघ. पानापानावर. वडलांच्या नावासकट." मी हसले नाही. माझ्या पदवीच्या कागदावर माझ्या आईचं नाव आहे आणि तो कागद मी येईल त्याला दाखवत होते.

फासे मात्र त्यांनी कधी आणले नाहीत. या खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो. "फासे म्हणलं की गावाला जुगार दिसतो," असं त्यांचं म्हणणं. म्हणून शिवलेल्या पिशवीत हौजीचे एक ते वीस आकडे. सांगणाऱ्यानं पिशवीत हात घालून प्रत्येकासाठी आकडा काढायचा; मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. तरी कुणीतरी तक्रार केलीच. एका रविवारी पोलीस आला. परात, तूर, पिशवी, आम्ही चौघं, सगळं बघितलं. पैसे कुठं आहेत विचारलं. पैसे नाहीत. मग काय चाललंय? सरांनी सांगितलं, की ही तिघं बर्फात अडकलीत, पुलापलीकडं लांडगे आहेत आणि पूल अर्धा तुटलाय. पोलिसानं टोपी काढून मांडीवर ठेवली. पाणी प्याला. उठून जिन्यापर्यंत गेला, दोन पायऱ्या उतरला आणि परत वर येऊन दारातून म्हणाला, "मग पूल वलांडला का न्हाई?"

बर्फ सरांनी जन्मात पाहिलेला नव्हता, आम्हीही नाही. पण पुस्तकातली मोहीमच बर्फातली. तेव्हा सर आम्हाला जिनिंगमध्ये न्यायचे. "सरकी काढलेला कापूस बघितलाय ना? तसा ढीग. गुडघ्याएवढा. पण गार." आजही बर्फ म्हटलं की माझ्या नाकात कापसाची धूळ जाते.

मोहिमेचे तीन भाग होते, तीन वेगळी पुस्तकं. आणि इथंच सरांची खोड आली. ते तीनही भाग एकदम विकत घ्यायला तयार नव्हते. एक भाग खेळून संपला की मगच दुसरा. घरात असला की मी वाचणार, वाचला की माझ्या तोंडावर दिसणार, आणि तुम्ही तोंड बघून चालणार, असं म्हणायचे. लग्नपत्रिकेचं कार्ड त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरही ठेवलं होतं. कंपनीच्या जाहिरातीत पुढच्या भागाचं चित्र दिसतं म्हणून त्यांनी कंपनीचे ईमेल येणंसुद्धा बंद करून टाकलं होतं.

आणि आमची चाल तर बैलगाडीची. दुसऱ्या भागात एका बाजारात घोडा घ्यायचा प्रसंग होता. पुस्तकात त्या घोडेवाल्याला दोन वाक्यं होती. काकूंनी त्याच्याशी तीन रविवार सौदा केला. दात दाखव म्हणाल्या. कुणाचा आहे, कुणाकडून घेतला, मागच्या पायानं लंगडतो का, चालवून दाखव. सरांनाच घोडेवाला व्हावं लागायचं. शेवटी सर घामाघूम होऊन म्हणाले, की अगं घे फुकट, पण पुढं चल. काकू म्हणाल्या, "फुकट देतोय म्हंजी खोट हाय. नको." आम्ही तो डोंगर पायी चढलो.

असा दुसरा भाग संपायला काही वर्षं गेली. मधे माझी परीक्षा झाली, बीडला नोकरी लागली, तरी रविवारी मी एस.टी.नं धारूरला यायचे. आई म्हणायची, लोक सुट्टीला गावाकडं येतात आईबापासाठी, ही येती लांडग्यांसाठी.

दुसरा भाग संपला त्या रविवारी काकूंनी शिरा केला. बर्फाच्या किल्ल्याच्या दारात आम्ही उभे होतो. आत पांढरा अजस्र प्राणी, ज्याच्यासाठी सगळा प्रवास. सरांनी कॉम्प्युटर लावला, बँकेचं कार्ड काढलं, तिसऱ्या भागाचं पान उघडलं. खरेदीचं बटण काकूंनी दाबायचं अशी पद्धत होती. काकू पदराला हात पुसून पुढं आल्या. बटण नव्हतं. त्या जागी एक ओळ होती, की हे पुस्तक आता विक्रीस उपलब्ध नाही.

सर म्हणाले नेट गेलं असेल. इरफाननं आपल्या मोबाईलवर बघितलं. तेच. मग त्यानं शोधून वाचून दाखवलं. कंपनीनं जुन्या आवृत्तीच्या सगळ्या फाईली विकणं थांबवलं होतं. ज्यांनी घेतल्या त्यांच्या त्यांच्याकडं राहणार, नव्यानं कुणाला मिळणार नाहीत. बंद व्हायच्या आधी सूचनाही दिली होती म्हणे, ईमेलवर. सर घड्याळाचा हात उलटा करून उगीच बघत राहिले. शिरा गार झाला.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. टायपिंगच्या परीक्षेत असतं तसं, विषय, संदर्भ, आपला विश्वासू, सगळं जागच्या जागी. उत्तर आलं, सभ्य होतं. नवी आवृत्ती घ्या, ती जास्त चांगली आहे. पण नव्या आवृत्तीचे नियम वेगळे, आमची पात्रं त्यात बसत नव्हती. हे मला लगेच कळलं. आमच्या विद्यापीठात पॅटर्न बदलला तेव्हा जुन्या पॅटर्नचे विषय राहिलेली पोरं अशीच मधे लोंबकळत होती. नव्यात घेत नाहीत, जुन्याची परीक्षा होत नाही.

त्या खेळाच्या लोकांची इंटरनेटवर एक चर्चेची जागा होती, तिथं सर रोज वाचायला लागले. जगभरचे लोक होते. कुणी रागावलेले, कुणी नुसतेच हळहळणारे. एकानं लिहिलं होतं, की मी बापाबरोबर खेळायचो ते पुस्तक लेकीसाठी घ्यायला गेलो तर नाही. सर ते आम्हाला मराठीत करून सांगायचे आणि मधेच थांबायचे.

मग एक दिवस इरफान जिना चढून वर आला. मी तिथंच होते. "सर, गावला तिसरा भाग. पुरा. फुकट." त्यानं मोबाईल पुढं केला. सरांनी चष्मा लावला. मला वाटलं वाचतील. त्यांनी पान खाली सरकवून नुसता तळ बघितला. मग दुसऱ्या पानाचा तळ. तिथं पांढरा पट्टा होता, चुना फासल्यासारखा.

"इथं कुणाचं तरी नाव व्हतं," सर म्हणाले.

"असंल की."

"ते खोडलंय."

इरफान पायरीवर बसला. तो उगाच बोलणारा माणूस नव्हता. "सर, कंपनी इकत न्हाई. तुमी पैसे घेऊन दारात हुबे हायत. मग चोरी कुणाची झाली, सांगा."

"तुजं बराबर असंल."

"मग वाचा."

"वाचता यायचं न्हाई रे मला. पानापानाला वाटंल कुणाच्या तरी घरात शिरलोय."

मला इरफानचंच पटलं होतं. आजही अर्ध्याहून जास्त पटतं. मी अख्खं बी.ए. झेरॉक्सवर केलंय, आणि त्याची मला काडीची लाज नाही. विकायचंही नाही आणि मिळूही द्यायचं नाही, हा कुठला न्याय? मी सरांना तसं तोंडावर सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, तू म्हणतेस ते कायद्याचं असेल नाही तर न्यायाचं, मी माझ्या हाताचं सांगतोय. आणि पुढचे काही रविवार सतरंजी अंथरलीच नाही. काकूंनी एकटीनं तूर निवडली.

त्यानंतर सरांनी त्या चर्चेच्या जागी चार ओळी लिहिल्या. फाईल मागितली नाही. एवढंच विचारलं, की तिसरा भाग कुणाच्या नावावर आहे का, असला तर मला बरं वाटेल. खाली आपलं गाव लिहिलं. पत्राखाली गाव लिहायची त्यांची सवय.

कॅनडातून एकाचं उत्तर आलं, एक ब्राझीलचा होता. तिसरं उत्तर मराठीत होतं. "धारूर म्हणजे आपलं बीडचं धारूर का? मी गेवराईहून."

त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या, सरकारी दवाखान्यात. तीनही भाग त्यांनी एकाच दिवशी विकत घेतले होते, पहिलं पान ते शेवटचं पान कित्येकदा वाचले होते, आणि आजवर एकदाही खेळल्या नव्हत्या. कुणाबरोबर खेळणार? सरांकडं माणसं होती आणि पुस्तक नव्हतं. बाईंकडं पुस्तक होतं आणि माणसं नव्हती. मधे पाऊण जिल्हा.

फोनवर बाई सरळ बोलल्या. फाईल पाठवणार नाही, ती माझ्या नावावर आहे. पण मी येईन. फक्त सांगणारी मी असणार. सरांनी खेळणाऱ्यांत बसायचं.

सरांनी कळवतो म्हणून फोन ठेवला आणि कळवलं नाही. मी इतक्या वर्षांत त्यांना एवढं अस्वस्थ पाहिलं नव्हतं. क्लासमध्ये पोरी खुशाल कार्ड उचलून बघत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाटलं मान आड येतोय. सांगणाऱ्याची जागा ती जागाच असते, गाडीच्या ड्रायव्हरसारखी. मी काकूंना तसं म्हणाले. काकू म्हणाल्या, मान नाही, भेव आहे. कशाचं भेव, ते त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी सरांच्या समोर चहा ठेवून मात्र म्हणाल्या, "त्या बाईला हो म्हणा. मला त्या किल्ल्यात जायचंय. तुमी आला तर तुमच्यासंगं, न्हाई तर पोरांसंगं जाईन."

धारूर आणि गेवराई दोघांना सारखं पडावं म्हणून मांजरसुंब्याचा ढाबा ठरला. रविवारी सकाळी, गर्दीच्या आधी, मागच्या पत्र्याच्या शेडखाली. आम्ही चौघं एका बाजूला, समोर डॉक्टरबाई एकट्या. पस्तिशीच्या असतील, पायात गमबूट, गाडीच्या डिकीत आणखी एक जोड. वेटरनं चहा ठेवताना सरांच्या कानाशी वाकून विचारलं, की मुलगा कुठंय, बघायचा कार्यक्रम आहे ना? सर म्हणाले, "मुलगा न्हाई, किल्ला हाय." तो गेला आणि परत लवकर फिरकला नाही.

सर खेळाडू म्हणून अगदी वाईट होते. पहिला अर्धा तास त्यांनी बाईंना नियम सांगितले, पिशवी कशी हलवायची ते सांगितलं, एका ठिकाणी तर "इथं जरा थांबा म्हंजी त्यांना भीती वाटंल" असंही सांगितलं. बाईंनी टॅबलेट खाली ठेवला. "सर, इंजेक्शन देताना मी मालकाला गोठ्याबाहेर उभं करते. तो समोर असला की जनावर माझ्याकडं बघत नाही." सरांनी पिशवी त्यांच्याकडं सरकवली.

आणि बाई सांगायला लागल्या. सरांचा बर्फ कापसाचा होता. बाईंचा तो पांढरा प्राणी मात्र खरा होता. त्यांनी त्याचे दात सांगितले नाहीत, नखं सांगितली नाहीत. त्याच्या बरगड्या कशा हलतात ते सांगितलं. नाकपुडी कोरडी आहे. डावा डोळा चिकटलाय. कान आधी वळतो आणि मग मान. इरफानचा चहा तसाच राहिला. मी बघितलं, सरांनी बाकाची कड घट्ट धरली होती.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. या खेळात पात्रं मरतात. इतक्या वर्षांत माझं दोनदा मेलं, इरफानचं त्याहून जास्त. मेलं की नवीन करायचं. काकूंची लढवय्यी बाई पहिल्या दिवसापासून तीच होती. ती कड्यावरून पडली, लांडग्यांत सापडली, तुटक्या पुलावरून तर ती सगळ्यांच्या मागून आली. पिशवीतून तिच्यासाठी नेहमी सतराच्या वरचाच आकडा यायचा. पिशवीत हात सरांचा. मी आणि इरफान त्यावर कधी काही बोललो नव्हतो. सरांना कसलं भेव होतं, ते मला त्या बाकावर उमगलं.

काकू पुढं झाल्या. तुम्ही मागं थांबा, मी त्याला अंगावर घेते, म्हणाल्या. सर म्हणाले, "अगं थांब, आदी बाजूनं—" बाईंनी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. पिशवी हलली. बाईंनी आकडा काढून टेबलावर सगळ्यांसमोर ठेवला.

चार होता.

बाईंनी आवाज न चढवता सांगितलं. एक फटका. ती भिंतीला आदळली, आणि उठली नाही. सरांचा हात पिशवीकडं गेला आणि मधेच थांबला. रस्त्यावरून एक कंटेनर गेला.

काकू त्या आकड्याकडं बघत होत्या. मग त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "इतकी वर्षं ह्यांनी मला मरूच दिलं न्हाई. लई जीव गुदमरायचा. आज कुटं लडल्यासारकं वाटलं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते बराच वेळ तो उचलायला तयार नव्हते.

पुढचं आम्ही तिघांनी केलं. काकूंनी अडवून धरलं तेवढ्या वेळात इरफान वर चढला आणि दुपारच्या जेवणाची गर्दी व्हायच्या आत तो प्राणी पडला. शेवट काय होता ते मी सांगणार नाही. तिसरा भाग कुणाच्या तरी नावावर अजून असेल आणि कुणीतरी अजून किल्ल्याच्या दारात उभं असेल.

निघताना बाई म्हणाल्या, माझ्याकडं आणखी दोन जुन्या मोहिमा घेतलेल्या पडून आहेत, पुढच्या महिन्यात सुरू करू. पण मला वाटतं सांगायला सरांनीच बसावं, आज मी बघितलं, त्यांचे हात शिवशिवत होते. मी पुस्तक उघडून समोर धरेन, त्यांनी सांगावं.

सरांनी मान हलवली. "तुमीच सांगा, बाई. मी हिच्या शेजारी बसतो."

"बसा," काकू म्हणाल्या. "पन मदी मदी बोलायचं न्हाई."